चिखल कुठे लावावा

आपल्याकडे नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक सोफा जुना झाल्याशिवाय निघत नाही. अशा घरात कोणी प्लास्टिकचा कोरा करकरीत रणगाडा विकत आणावा, रात्री जागून जोडावा, सांधे घासून रंगवावा आणि वर पैसे मोजून आणलेला चिखल त्याला फासावा, म्हणजे घरच्यांना काळजी वाटणारच. माझं म्हणणं असं की, या छंदात डोक्याचा खरा कस चिखलापाशीच लागतो. जोडणी हे आज्ञापालन आहे. पुस्तिका म्हणते अमुक तुकडा तमुक तुकड्याला चिकटवा; आपण चिकटवतो, अधूनमधून बोटालाही. चिखल कुठे लावावा हे मात्र पुस्तिकेत नसतं. तिथे स्वतःच विचार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा घ्या. खरा ५७ टनांचा. १/३५ प्रमाणात तोफेसकट जेमतेम २४ सेंटिमीटर लांब. त्याचा रंग कुठे उडेल? जिथे माणसांचे बूट घासतात तिथे, म्हणजे झाकणांच्या कडांवर आणि इंजिनावरच्या पत्र्यावर. गंज कुठे चढेल? मागच्या धुराड्यांवर, कारण तिथला रंग उष्णतेने जळतो. पट्ट्यांचं पोलाद तपकिरी पडेल, पण चाकं जिथून फिरतात तेवढा भाग लखलखीत राहील. चिखल खाली ओला आणि गडद, वर वाळलेला आणि फिकट. थोडक्यात, प्रत्येक डागाला कारण लागतं. कारणाशिवाय पडलेला डाग हा नुसता डाग असतो, आणि तो शर्टावरही पडतो. या कामाच्या युक्त्याही तर्काला धरूनच आहेत. आधी तांबूस अस्तर, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर १९४३ पासून जर्मनांनी वापरलेला गडद पिवळा रंग. मग पाण्याने ओल्या केलेल्या ब्रशने हलकेच घासलं की वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो. केस जागेवर राहावेत म्हणून निघालेला स्प्रे इथे रंग जागेवर राहू नये म्हणून कामाला येतो. वॉश म्हणजे पातळ केलेला काळपट रंग; तो बोल्टांच्या कडेने आपोआप पसरतो आणि सावली रंगवून देतो. ती रंगवावीच लागते, कारण रणगाडा लहान करता येतो, सूर्य करता येत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की, हौशी लोक गंजाचा अतिरेक करतात. आक्षेप खरा आहे. टायगरचं उत्पादन ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ एवढंच चाललं आणि युरोपातलं युद्ध मे १९४५ मध्ये संपलं. म्हणजे युद्ध संपताना सर्वांत वयस्कर टायगरलाही तीन वर्षं पुरी झाली नव्हती. त्याला पन्नास पावसाळे पाहिलेल्या एसटीसारखा गंजवणं हा इतिहासावर अन्याय आहे. पण यातून गंज कमी करा एवढंच सिद्ध होतं. चिखलाला वय लागत नाही, पावसातला एक दिवस पुरतो. दुसरा आक्षेप काटकसरी माणसांचा: बाटलीतली माती विकत कशाला, कपाटावर ठेवा, धूळ फुकट बसेल. बसेल, पण ती पूर्ण मापाची. धुळीतला एक मिलिमीटरचा कण या जगात साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो, केस म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीची तार, आणि रात्री भिंतीवरून उतरलेली दहा सेंटिमीटरची पाल ही साडेतीन मीटरची मगर. एवढ्या संकटांशी लढायला टायगर बांधलेला नव्हता.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: युद्धाच्या यंत्राचं एवढं कौतुक कशाला, तेही नाझी जर्मनीच्या? याचं उत्तर मला चिखलातच दिसतं. चकचकीत रणगाडा संचलनातला असतो; तो पाहून छाती फुगते. मळलेल्या रणगाड्याकडे पाहिलं की आधी आठवतात ती आत कोंबलेली पाच माणसं, त्यांचे घाण झालेले बूट आणि पट्टा तुटल्यावर तो चिखलात बसून जोडणारा कोणीतरी. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे रंगरंगोटी करून उभे आहेत, आणि लोखंड टिकवायचं तर तेच योग्य. पण रणांगणावर ते कसे दिसत असतील हे सांगायचं काम मग प्लास्टिकवर येतं. अचूक मळवलेलं मॉडेल युद्धाची जाहिरात करत नाही; युद्ध हे मुख्यतः घाण आणि दुरुस्तीचं काम आहे, एवढं ते स्पष्ट सांगतं.

म्हणून मळवणं हा या छंदातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे, असं माझं मत आहे. तेव्हा कोणाच्या काचेच्या कपाटातल्या रणगाड्याकडे तुमचं फडकं वळलंच, तर आधी मालकाला विचारा, यातली धूळ विकतची कुठली आणि घरची कुठली. त्याला सांगता आलं नाही, तर खुशाल पुसा.