रातपाळीवरचे भाऊजी

आमचे भाऊजी रोह्याचे. धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं प्रेशर, टेम्परेचर आणि लेव्हल यांच्या तासातासाला नोंदी करण्यात घालवली, त्याला मूल झालं की काय होतं, हे आम्ही पेणकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आईच्या हिशेबात जावयाचं काम ठरलेलं होतं. पेढे घेऊन यायचं, पाचवीला जमलं तर डोकावायचं आणि बारशाला नवा शर्ट घालून पाळण्याशेजारी उभं राहायचं. बाकी सव्वा महिना बाळंतिणीची खोली म्हणजे आई, मावशी आणि बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाई यांचं राज्य. भाऊजी मात्र ताई दवाखान्यातून घरी आली त्याच संध्याकाळी एक बॅग, स्वतःची उशी आणि एक लांबडी वही घेऊन दारात हजर.

"आई, फर्स्ट शिफ्ट लावून घेतलीय. तीनला सुटतो. रात्रीची ड्यूटी इथे."

आईला आधी वाटलं, जावयाने पेणमध्ये दुसरी नोकरी धरली.

तेव्हापासून रोज पहाटे पाचला मोटरसायकलला किक, वडखळ, नागोठणं, भिसे खिंड आणि सातच्या आत कंपनीचं गेट. भर पावसाळ्यात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालेलं, तेव्हा खड्डे काही नवे नव्हते. पण डोळ्यांवर झोप असलेल्या माणसाला तो प्रत्येक खड्डा नव्याने भेटायचा. रजा का नाही घेतली, असं मी विचारलं. आईला कायद्याने २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, २०१७ पासून. केंद्र सरकारच्या नोकरीत बापालाही १५ दिवस मिळतात. खासगी कंपनीतल्या बापाला मात्र कायदा काहीच देत नाही. भाऊजींनी साहेबांकडे अर्ज केला, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून विचारलं, "बाळंतपण तुमचं की मिसेसचं?"

"आमचं," भाऊजी म्हणाले.

हे 'आमचं' त्यांच्या तोंडी बसलेलं. डॉक्टरांपुढे बसून ताईच्या आधी बोलणार, "आमचं दूध दुसऱ्या दिवशी जरा कमी होतं, आता व्यवस्थित आहे." गल्लीत कोणी चौकशी केली तर, "आम्ही अंगावरच पाजतोय." आमच्याकडे पोह्याचे पापड लाटायला येणाऱ्या बायका हे ऐकून पदर तोंडाला लावायच्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचं व्याख्यान होतं, तिथे पहिल्या रांगेत भाऊजी. सगळ्या सभेत एकटे पुरुष, आणि प्रश्नही सगळे त्यांचेच.

दुसरं पालुपद "तू झोप, मी आहे ना." वाक्य सोन्यासारखं, फक्त ते ऐकवण्यासाठी ते ताईला हलवून उठवायचे. रात्री दीडला पोरगी नुसती कुसकुसली की दिवा लागला, चप्पल सरकली, पाण्याचा तांब्या सांडला आणि मग कानाशी, "अगं, तू झोप."

"झोपलेच होते की हो!"

आता ती वही. डाव्या पानावर 'इन', उजव्या पानावर 'आउट'. '१.४०, डावी बाजू, १२ मिनिटं. १.५५, ढेकर एक, मोठा. २.०५, शू. २.१०, शी, मोहरीचा रंग, नॉर्मल.' पहाटे निघताना ते आईकडे रीतसर चार्ज द्यायचे. आई शेगडीवर ताईच्या शेकाची तयारी करत असायची, ओवा-बाळंतशेपाच्या धुरात डोळे चोळत, आणि हे समोर उभे राहून वाचून दाखवायचे, "रात्री एकूण फीड चार, लंगोट पाच, लीकेज एक. काही पेंडिंग नाही." आईने एकदा विचारलं, "जावईबापू, पोरगी आहे की टाकी?" पहिल्या दिवशी शी काढायला ते हातमोजे आणि मास्क लावून बसले होते, ही गोष्ट आई अजून लग्नकार्यांत सांगते.

पण त्यांची खरी व्यथा निराळी. वाटणी निम्मी-निम्मी करायची, आणि मुख्य काम तर निम्मं होतच नाही! यावर त्यांनी बराच विचार केला आणि एक दिवस दूध काढायचा पंप आणला. बाटली नको, वाटी-चमचा वापरा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून स्टीलच्या पाच वाट्या, पाच चमचे, उकळायला वेगळं पातेलं. फ्रीजमध्ये दुधाच्या डब्या, त्यांवर चिठ्ठ्या: 'बॅच ३, रात्री ८.४०, आधी जुने वापरावे.' श्रावण होता म्हणून बरं, नाहीतर शेजारी बोंबील असते. मावशीने नाक मुरडलं, काढून ठेवलेलं दूध कुठे पाजतात का? भाऊजी तयारच होते. "मावशी, सायनच्या हॉस्पिटलात १९८९ पासून आईच्या दुधाची बँक आहे. आशियातली पहिली. डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी काढलेली." बँक म्हटल्यावर रोह्याच्या माणसाला राहवत नाही. तिथून गाडी १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या, रोह्याशी नातं असलेल्या चिंतामणराव देशमुखांवर गेली, आणि मावशी पापडांकडे.

मग ठरलं, दोनची पाळी भाऊजींची. ताईने सलग पाच तास झोपायचं. भाऊजींनी वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजलं, निम्मं पोरीच्या लाळेऱ्याने प्यायलं, तरी मोहीम फत्ते. वहीत नोंद झाली, 'फीड, स्वतः.' खाली रेघसुद्धा मारली. पण ताईच्या शरीराला पाळी बदलल्याचं कोणी कळवलं नव्हतं. तीनला ती कण्हत उठली. छाती दगडासारखी, ब्लाउज भिजलेला. झोप सोडून पंप घेऊन बसली. तिची चाहूल लागून पोरगी उठली, पोरीच्या रडण्याने आई उठली. एका माणसाची झोप वाचवायला सगळं घर जागं.

समजूत घातली ती आरोग्य खात्याच्या आशाताईंनी. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत त्यांच्या सहा फेऱ्या असतात. त्यांनी सांगितलं, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिल्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं चुकवलं तर दूध कमी होत जातं. बाळ जेवढं ओढेल तेवढं येतं.

"म्हणजे डिमांड बघून प्रॉडक्शन," भाऊजी म्हणाले. चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत बाळंतपण समजावलं होतं.

आशाताईंनी विचारलं, दिवसातून शू किती वेळा होते? सहाच्या वर असली की दूध पुरतंय असं समजायचं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. भाऊजींनी वही उघडली, बोट फिरवलं आणि जन्मापासूनचा तक्ता काढून दिला. आशाताईंनी तो दोनदा वाचला. मग आईकडे वळून म्हणाल्या, "जावई ठेवा हो जपून." त्या दिवसापासून वहीची चेष्टा बंद झाली आणि आईच्या बाळगुटीचं सहाणेवरचं कामही. सहा महिने अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, हे भाऊजी तिला आधीपासून सांगत होते. पण बाईमाणसाने सांगितल्यावर ते खरं झालं.

पुढे त्यांनी कामाची फेरआखणी केली. पाजणं ताईचं, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं यांचं. पोरगी चुळबुळली की उचलायची, लंगोट बदलायचा, ताईच्या कुशीत द्यायची, पाण्याचा पेला आणि अळिवाचा लाडू हाताशी ठेवायचा, पाठीमागे उशी सरकवायची, मग पोरीला खांद्यावर घ्यायची आणि ढेकर निघेपर्यंत ओटीवर येरझाऱ्या. ताईला उठून बसावंही लागत नसे. निम्मी झोपेतच असायची. माझं मत विचाराल तर कामाचा मोठा वाटा हाच. त्या पंपाच्या वेडापायी त्यांना तो इतके दिवस दिसला नव्हता, एवढंच.

गाणं म्हणाल तर सुराशी भाऊजींचं वैर. म्हणून पोरीला झोपवताना ते तिला रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीचं वर्णन सांगतात. सुरुवात पोलिसांच्या सशस्त्र सलामीने. पालखी गावात शिरायच्या आत पोरगी झोपते. उरलेली पालखी ते एकटेच पूर्ण करतात, देवाचं काम अर्धं सोडू नये म्हणून.

गणपतीच्या आधीचा महिना पेणमध्ये कोण झोपतं? आमचे बाबाही रात्री मूर्तींपुढे बसलेले असायचे. डोळ्यांच्या आखणीला हात स्थिर लागतो आणि शांतता लागते. "तुमच्या वेळी यांनी पोरगी पहिल्यांदा हातात घेतली ती विसर्जन झाल्यावर," असं आई म्हणते, आणि बाबा ते नाकारत नाहीत. एका रात्री भाऊजींनी, हात धुऊन या, असं सांगून नात त्यांच्या हातात दिली. बाबा दचकले. मग एक तळवा मानेखाली, दुसरा बुडाखाली, असा अचूक हात गेला. "शाडूची ओली मूर्ती अशीच उचलतात," म्हणाले, आणि बराच वेळ तिला परत द्यायलाच तयार होईनात.

ताई आता रोह्याला आहे, पोरगी रांगते, आणि भाऊजींचा फोन रात्री वाजतो. कंपनीतले नवे बाप विचारतात, ढेकर निघत नाही, काय करू? म्हणून त्यांनी प्लँटच्या धर्तीवर एक छापील पानच करून वाटलंय, 'रात्रपाळी: बापाच्या कामाच्या सूचना.' सूचना पुष्कळ आहेत, बऱ्याचशा कामाच्याही आहेत. सगळ्यांच्या वर पेनाने एक ओळ वाढवलेली आहे, ती ताईच्या अक्षरात: 'झोपलेल्या बायकोला झोप सांगायला उठवू नये.'