नोकरी शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत : पावणे एमआयडीसीसाठी सुधारित आवृत्ती

नोकरी कशी मिळवावी यावरची पुस्तके नोकरी असलेले लोक लिहितात आणि ती वाचायला वेळ फक्त बेकारांना असतो. ही कामाची वाटणी तशी सोयीची आहे. पण या पुस्तकांत एक गंभीर उणीव राहून गेली आहे : त्यांत वॉचमन नसतो. कोपरखैरणे स्टेशनला उतरून, ठाणे-बेलापूर रस्ता जिवंतपणी ओलांडून जो उमेदवार पावण्याच्या प्लॉटांमध्ये शिरतो, त्याची पहिली मुलाखत वॉचमनच घेतो. पुष्कळांची शेवटचीही तीच असते. सबब हे मार्गदर्शन.

पूर्वतयारी म्हणून दोष कोणाचा हे आधी ठरवून घ्यावे. तुमचा. याबाबत सर्व करिअर मार्गदर्शकांचे एकमत आहे. कारखान्याने कायमचे कामगार कमी करून ठेकेदार नेमला, पॅकिंगला दहा बायका होत्या तिथे एक यंत्र आले, शेजारचा प्लॉट विकून त्यावर गोदाम उभे राहिले, तरी या सगळ्यावर उतारा एकच : तुमची देहबोली. हस्तांदोलन ठाम हवे. डोळ्यांत आत्मविश्वास हवा. रविवारच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात हे फी घेऊन शिकवतात आणि दुपारी पुलावही देतात. शिबिरातून बाहेर पडणाऱ्या साठ जणांचा आत्मविश्वास खरोखर वाढलेला असतो. त्या आठवड्यात एमआयडीसीतल्या जागा मात्र होत्या तितक्याच राहतात. पण हा तपशील शिबिराच्या कक्षेबाहेरचा आहे.

यानंतर घरच्या मार्गदर्शकाकडे वळावे. प्रत्येक घरात एक काका असतात आणि ते ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात. त्यांची वेळ खरी होती, हे मान्य करायला हवे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, पावण्यासकट ठाणे खाडीपलीकडच्या गावांची भातशेती आणि मिठागरे गेली, आणि त्या जमिनीवर रसायनांचे कारखाने आले. नोसिल, मफतलाल, हर्डिलिया ही नावे त्या काळी स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी सांगितली जात. मुलगा परमनंट आहे म्हटल्यावर मुलीचे वडील पुढचे काही विचारत नसत. काका गेटवर गेले, साहेबांनी विचारले, “काम करशील का?”, काका म्हणाले, “करीन”, आणि तीस वर्षांनी घड्याळ घेऊन बाहेर पडले. त्यांचा सल्ला एवढाच असतो की गेटवर जाऊन उभा राहा. नम्रपणे मान हलवावी. गेट अजून तिथेच आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

गेटवर जाताना टाय लावू नये. पांढरा शर्ट, टाय आणि हातात फाइल अशा वेशातला माणूस वॉचमनला एकतर विमा एजंट वाटतो किंवा फॅक्टरी इन्स्पेक्टर, आणि दोघांसाठी उत्तर एकच ठरलेले असते : “साहब नहीं हैं.” साधा शर्ट, पायात बंद बूट. बूट महत्त्वाचे, कारण चप्पल पाहून ‘याला प्लांटमध्ये घेता येणार नाही’ हे वॉचमन एचआरच्या आधी ठरवतो. खिशात आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो आणि बँक पासबुकाचे पहिले पान. बायोडाटा एका पानाचा. त्यात छंद लिहू नयेत. ‘वाचन, संगीत व प्रवास’ वाचून आजवर कोणी हेल्परला घेतलेले नाही, आणि ऑपरेटरला तर नाहीच.

गेटच्या खांबावर पाटी असते : ‘पाहिजेत. हेल्पर, पॅकिंग, फिटर, आयटीआय.’ उन्हापावसाने तिचा रंग गेलेला असेल तर ती जागेची पाटी नसून कारखान्याच्या स्थावर मालमत्तेचा भाग आहे असे समजावे. ताजी पाटी खडूने लिहिलेली असते आणि खाली मोबाइल नंबर असतो. तो कंपनीचा नसतो, ठेकेदाराचा असतो. फोन लावल्यावर पहिला प्रश्न शिक्षणाचा येईल या समजुतीत राहू नये. पहिला प्रश्न, “कुठे राहतो?” घणसोली, तुर्भे स्टोअर, कोपरखैरणे म्हटले की पुढे बोलणे होते. बदलापूर म्हटले की “कळवतो”. सकाळची पाळी सात वाजता भरते आणि लोकलचा भरवसा ठेकेदाराला तुमच्यापेक्षा कमी आहे.

सरकारी मार्गही आहेत, तेही उरकून घ्यावेत. पूर्वी सेवायोजन कार्यालयाचे कार्ड असे, त्याचे नूतनीकरण करायला लोक रांगा लावत. १९५९ च्या कायद्याने पंचवीस आणि त्याहून जास्त माणसे असलेल्या खासगी आस्थापनेला रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. तिथून आलेला माणूस घेणे मात्र बंधनकारक केले नाही. कायद्याचा हा समतोल वाखाणण्यासारखा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्या कार्यालयाचे नाव करिअर सेंटर झाले आहे. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे राज्याचे धोरणही काकांच्या उमेदीच्या काळातले आहे, आणि स्थानिक ठरायला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. तेव्हा अधिवासाचा दाखला काढून ठेवा. निवडणुकीच्या सुमारास त्याची चौकशी होते.

२०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : बारावीला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. मुदत आधी सहा महिने, पुढे वाढवून अकरा. अकरा महिन्यांनंतर प्रशिक्षित बेकार ही नवी पात्रता हाती येते. चेष्टा बाजूला ठेवून सांगायचे तर आयटीआयची शिकाऊ उमेदवारी मात्र सोडू नये. पैसा थोडा, पण गेटच्या आत प्रवेश मिळतो, आणि या सबंध मार्गदर्शनाचा खटाटोप तेवढ्याचसाठी चालला आहे.

आता मुख्य शास्त्र. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या शिकल्यासवरल्या नोकरदारांना त्याने विचारले, ही नोकरी लागली कशी? निम्म्याहून अधिक लोक म्हणाले, ओळखीने. इथपर्यंत अमेरिकेला जायची गरज नव्हती. गंमत पुढे आहे. ही ओळख जिवलग मित्राची किंवा सख्ख्या नातलगाची क्वचितच निघाली. बहुतेक वेळा ती कधीमधी भेटणाऱ्याची, किंवा वर्षानुवर्षे न भेटलेल्याची होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असते जे तुम्हाला ठाऊक आहे. मामा आणि तुम्ही एकाच ओट्यावर बसता, तेव्हा मामाकडून नवी बातमी येणार कुठून?

हे शास्त्र पावण्याला लावून पाहावे. रोज एकाच गेटमधून आत जाणारा माणूस उपयोगाचा नाही. त्याला त्याच्या गेटाचेच माहीत, आणि तिथे जागा असेल तर त्याचा भाऊ आहे. उपयोगाचा तो, जो रोज दहा गेटांतून आत-बाहेर करतो. कॅन्टीनला पाव टाकणारा. पाण्याचा टँकरवाला. कोल्ड स्टोरेजचा माल वाहणारा टेम्पोवाला. फायर एक्स्टिंग्विशर भरून देणारा. कोणत्या कंपनीला नवी ऑर्डर लागली आणि कुठे नाईट शिफ्ट बंद झाली, हे लिंक्डइनच्या आधी पाववाल्याला कळते, कारण पावांची लादी वाढते किंवा घटते. अशा माणसाशी मैत्री करू नये. मैत्री झाली की तो जवळचा होतो आणि शास्त्रानुसार निकामी ठरतो. रोज एक कटिंग, दोन वाक्ये, पुरे. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून म्हणतो, “सी ब्लॉकमध्ये मागच्या गल्लीत माणसं घेतायत, जाऊन ये.”

मोबाइलवरही नोकरी चालून येते. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज दोन-तीन हजार कमवा. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खात्यात खरोखर येतात. बेकारीच्या सबंध काळात वेळेवर झालेला हा बहुधा एकमेव पगार असतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या कामासाठी पाच हजार भरायला सांगतात. इथे थांबावे, आणि भरून बसला असाल तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन लावावा. जितका लवकर लावाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, मग ते रजिस्ट्रेशनचे असोत, मेडिकलचे असोत की युनिफॉर्मचे, त्याच्याकडे नोकरी नसते. तुम्हीच त्याची नोकरी असता.

यातून तरून मुलाखतीपर्यंत पोहोचलात तर दोन प्रश्न नक्की येतात. मधले वर्ष काय केले? ‘नोकरी शोधत होतो’ हे खरे उत्तर बाद धरले जाते. ‘घरचा व्यवसाय सांभाळला’ म्हणावे. शोधणे हाच घरचा व्यवसाय होता, तेव्हा खोटेही नाही. दुसरा प्रश्न, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? विचारणारा स्वतः ठेकेदाराच्या रोलवर असतो आणि त्याला पुढचा मार्च दिसत नाही. त्याच्याकडे सहानुभूतीने पाहावे. “इथेच, सर.” तो मनापासून हसतो.

घेतले तर पहिल्या महिन्यात यूएएन नंबर आणि ईएसआयसीचा नंबर मागून घ्यावा. पगारातून पीएफचे बारा टक्के आणि ईएसआयसीचा पाऊण टक्का कापला जाणारच आहे. तो तुमच्या नावावर जमा होतो का, हे मोबाइलवर बघता येते, आणि आपण बघतो हे सुपरवायझरला कळू देणे आरोग्याला चांगले. पगाराची चिठ्ठी जपावी. कॅलेंडरवर हजेरीचे दिवस मोजत जावेत. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायमपणावर दावा सांगता येतो, हे कायदा जाणणाऱ्यांना पाठ आहे आणि ठेकेदारांना त्याहून पाठ आहे. म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास तुमच्या प्रकृतीची चौकशी सुरू होते, “जरा गावाला जाऊन ये, ब्रेक घे.” दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने त्याच मशीनवर परत घेतात. पहिल्या ठेकेदाराचा गेट पास परत देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

रुजू होऊन आठवडा झाला की साताऱ्याहून चुलत्याचा फोन येईल : “आमच्या पोराचं बघ की तुझ्या कंपनीत काहीतरी.” तुम्हाला अजून कॅन्टीनचे कूपन मिळालेले नसेल, तरी चुलत्याच्या लेखी तुम्ही कंपनीचे मालक असता. नाही म्हणू नये. पोराला सांगावे : आधारच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो, पासबुक, बंद बूट. विचारलं तर राहायला घणसोलीला आहे म्हण. साडेसहाला गेटवर ये. आणि टाय घरी ठेव.