हातचा चौथीत मिळेल

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-दादांस सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शाळांत वजाबाकी आता सुरुवातीला उभी मांडत नाहीत. आडवी रेघ ओढतात आणि तिच्यावर उड्या मारतात. ५२ वजा २९ घ्या. २९ वर उभे राहायचे, १ ची उडी मारून ३० वर, २० ची मारून ५० वर, २ ची मारून ५२ वर. उड्यांची बेरीज २३. उत्तर बरोबर येते, हेच पालकांना जास्त खटकते.

मराठी शाळेत शिकलेला बाप हातचा घेऊन तेच गणित दोन ओळींत उरकतो. दुसरीतली लेक वही ओढून घेते : "असं नाही बाबा, का ते पण लिहायचं असतं." त्या 'का'साठी खाली चार ओळी मोकळ्या असतात. 'दोनातून नऊ जात नाहीत' हे बापाचे उत्तर बाईंकडून प्रश्नचिन्ह घेऊन परत आले.

हातच्याला बंदी नाही, थोडा उशीर आहे. उभी बेरीज-वजाबाकी चौथीत सफाईने यावी, गुणाकार पाचवीत, भागाकार सहावीत, अशी पायरी २०१० च्या कॉमन कोअर मानकांनी आखली. तोवर संख्या फोडायच्या. चौथीतला थोरला २३ गुणिले १४ साठी चौकट आखून चार खोल्या करतो : २००, ८०, ३०, १२. मिळून ३२२. एवढ्या कागदात वन बीएचकेचा नकाशा बसेल.

यात परके मात्र फारसे काही नाही. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा पुण्यातल्या एका आजोबांनी वर्तमानपत्र आपटले होते. नाव देण्याची गरज नाही, पत्र त्यांच्याच पत्त्यावर येत आहे. त्यांची नात आता रोज वीस अधिक एकच लिहिते. उडीही मंडईतलीच. एकोणतीस रुपयांच्या भाजीला पन्नासाची नोट दिली की भाजीवाली रुपया ठेवून 'तीस' म्हणते, मग दहा-दहाच्या नोटा ठेवत 'चाळीस, पन्नास'. वजाबाकी ती करतच नाही. शिवाय एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, ही पहिली उडी मराठीत नावातच मारलेली आहे. बापाला हे एक्केचाळिसाव्या वर्षी, लेकीचा गृहपाठ तपासताना कळले.

खरी अडचण पाढ्यांची. एकअंकी गुणाकार तिसरीअखेर तोंडपाठ असावेत असे मानके सांगतात. ते घोकून कोणी घ्यायचे हे सांगत नाहीत. ते काम स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना होते.

तरी फराळाबरोबर उजळणीचे एक पुस्तक पाठवावे. मागच्या प्रतीवर चकलीचे तेल सांडून पावकी ते अडीचकीची पाने एकमेकांना चिकटली आहेत.