सुटसुटीत पेटीचा महिमा

ध्वनीच्या विद्युत्-संकेतांचे अंकांत रूपांतर करणारा बहुवाहिनी कन्व्हर्टर खांद्यावरच्या पिशवीत मावावा, या उदात्त हेतूने त्याच्या पाठीवरचे, दर वाहिनीला एक असे आठ ऐसपैस एक्सएलआर जोड काढून तेथे आठही वाहिन्या एकत्र नेणारा २५ पिनांचा डी-सब जोड बसवला जातो, ही दूरदृष्टी वंदनीयच होय. टॅस्कॅम आणि यामाहा यांच्या पिनांचा क्रम निराळा असल्याने ध्वनिमुद्रकाच्या बुद्धीलाही व्यायाम घडे. २०१२ च्या एईएस५९ मानकाने टॅस्कॅमचा क्रम प्रमाण मानून हे सुख काहीसे हिरावले. काढलेले आठही एक्सएलआर आता स्वतंत्र पिशवीतील, पेटीहून जड केबलच्या टोकांना लोंबतात. पुढील आवृत्तीत पेटी काडेपेटीएवढी होईल आणि केबल वाहणारा हमाल ‘वेगळा उपलब्ध’ राहील.