अंधेरीचा ज्वालामुखी आणि अडीच डझन अंडी

साडू परदेशी जाऊन आला की प्रवासाचा शीण आपल्याला येतो. आमचे साडू बोरिवलीला राहतात. दिवाळीत ते बालीला जाऊन आले आणि तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घरात माउंट बाटूरखेरीज दुसरा विषय उरला नाही. बाटूर म्हणजे 1,717 मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी. मध्यरात्रीनंतर हॉटेलातून उठवून नेतात, टॉर्चच्या उजेडात चढवतात, माथ्यावर सूर्योदय दाखवतात, खडकातून येणाऱ्या वाफेवर उकडलेलं अंडं हातावर ठेवतात आणि खाली आल्यावर तळ्याकाठी गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवतात. मेहुणीने हे मला फोनवर सांगितलं, घरी येऊन सांगितलं आणि माझी दाढ काढली त्या दिवशी, मला उलट बोलता येत नाही हे पाहून, सविस्तर सांगितलं.

"भाऊजी, जन्माला येऊन एकदा तरी ज्वालामुखी बघावा माणसाने."

दाढेची सूज उतरल्यावर मी उत्तर दिलं, "त्यासाठी बालीला कशाला जायचं? अंधेरीला आहे की."

आणि आहेच. अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या पलीकडे, गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसॉल्टचा सुळका उभा आहे. सुमारे 61 मीटर उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांचं आवरतं घ्यायचं चाललं होतं त्या सुमारास, दख्खनभर जो लाव्हा पसरला त्याचीच ही शिल्लक. लाव्हा सावकाश निवला, निवताना आकसला, आकसताना उभा तडकला आणि त्याचे एकाला एक चिकटलेले उभे खांब झाले. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर म्हणून असाच खांबाखांबांचा खडक आहे. 1906 साली तिथल्या सरकारने तो देशातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. माणसं विमानाने जाऊन तो बघतात. आमचा खडक बघायला रिक्षा पुरते, म्हणून कोणी जात नाही.

मेहुणीचा मुलगा तिथेच पोहे खात बसला होता. इंजिनिअर झालेला, नोकरी सोडलेली, दाढी राखलेली, म्हणजे स्टार्टअप. त्याचा चमचा हवेतच थांबला. आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर आलं: 'सनराइज व्होल्कॅनो हाइक अँड हॉट स्प्रिंग सोक. अंधेरी ते अकलोली. गाइडसह. नाश्त्याला ज्वालामुखीवर उकडलेली अंडी. फक्त 1,499.' कल्पना माझी आहे याची मी आठवण करून दिली, तेव्हा मला पन्नास रुपये सूट मिळाली. बायकोला तीही नाही.

जानेवारीतला रविवार होता. मुंबईच्या मानाने कडाक्याची थंडी, म्हणजे लोक पंखा दोनवर ठेवतात तशी. मी माकडटोपी घातली होती. पहाटे मुलुंडहून अंधेरीला रिक्षाने जायचं तर रिक्षावाल्याला आधी तुमच्या मानसिक स्थितीची खात्री करून घ्यावी लागते.

"गिल्बर्ट हिल? कोई गुजर गया क्या?"

"नाही, सूर्योदय बघायचा आहे."

"वो तो मुलुंड में भी होता है ना साब."

बायको म्हणाली, "अहो, शहाणा माणूस आहे. याचं ऐका." पण आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

पायथ्याशी सगळे जमले होते. साडू-मेहुणी, घाटकोपरचं एक गुजराती जोडपं, दोन कॉलेजच्या मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला भाचा. साडूंनी बालीत वापरलेले ट्रेकिंग पोल आणले होते. भाच्याने शिट्टी मारली, एका खिडकीतून शिवी आली, आणि चढाई सुरू झाली. खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. चढ उभा आहे, माझं पोट आडवं आहे, एवढंच काय ते साहस. आम्ही वर पोचलो तेव्हा साडूंचा दुसरा पोल अजून उघडायचा होता.

वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे, छोटीशी बाग आहे, आणि सूर्योदयाची जागा आहे असं भाचा म्हणाला. पश्चिमेला वर्सोव्याचा समुद्र अंधारात कुठेतरी होता. पूर्वेला टॉवर होते. आकाश आधी राखाडी झालं, मग गुलाबी, मग पिवळं. सूर्य उगवलेला आहे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, फक्त तो दिसत नव्हता. अखेर तो दोन इमारतींच्या फटीतून निघाला, तोवर चांगला बाराव्या मजल्यावर आला होता. गुजराती काकूंनी हात जोडले. मेहुणी म्हणाली, "बालीला ढगांच्या खालून येतो." तिला मी काही बोललो नाही.

कारण मी खाली बघत होतो आणि मला राग येत होता. 1952 साली हा डोंगर कायद्याने राष्ट्रीय उद्यान ठरला. 2007 मध्ये महापालिकेने त्याला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत घातलं. ही दोन कागदपत्रं कुठल्यातरी कपाटात सुखात असतील. इथे मात्र चहूबाजूंनी खोदकाम आणि बांधकाम कड्याला येऊन टेकलं आहे. पायथ्याशी जागा मिळेल तिथे राहणाऱ्यांना बोल लावायचा नाही. त्यांच्या दोरीवरचे कपडे खडकाला काही करत नाहीत. पण सुरुंग लावणारे आणि नकाशे मंजूर करणारे कधी दोरीवर वाळत नाहीत, हे वाईट. मला तर वाटतं, हा सुळका सरकारने नाही, वरच्या दोन देवींनी राखला. देवी नसत्या तर एव्हाना त्याची खडी होऊन जोगेश्वरीच्या रस्त्याखाली गेली असती.

भाचा एव्हाना खडकाच्या भेगांमध्ये हात घालून बघत होता.

"काका, वाफ कुठून येते?"

"साडेसहा कोटी वर्षं उशीर झाला तुला."

त्याच्या हातात कागदी ट्रेमध्ये अडीच डझन अंडी होती. कच्ची. पोस्टरवर छापून बसल्यामुळे ती ज्वालामुखीवर उकडणं भाग होतं. "हरकत नाही," तो म्हणाला, "कुंडात उकडू." ती पिशवीत घालून अकलोलीपर्यंत मांडीवर धरायची कामगिरी माझ्यावर आली. गाडीत सगळ्यात प्रशस्त मांडी माझी आहे, असं मेहुणीने सुचवलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

अंधेरी ते अकलोली हा प्रवास मी अंड्यांच्या बाजूने सांगू शकतो. दहिसरला चेकनाक्यापाशी धक्का. घोडबंदरच्या पुढे खाडीपुलाअलीकडे टेम्पो-ट्रेलरच्या रांगेत एवढा वेळ, की उबवली असती तरी चाललं असतं. शिरसाड फाट्याला हायवे सोडला आणि मग गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला चालक ब्रेक मारायचा, मी पिशवी उचलायचो आणि मागून गुजराती काका विचारायचे, "बचा?"

वाटेत वज्रेश्वरीच्या देवळात गेलो. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत हिला नवस बोलला आणि 1739 मध्ये वसई घेतली, अशी कथा. देऊळ किल्ल्यासारखं आहे. अंडी गाडीत ठेवली.

इथल्या पाण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण भाच्याने गाडीत 'लाव्हा-हीटेड' असा शब्द वापरला आणि निवृत्त बँकवाल्यांनी तो वहीत लिहून घेतला. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीच्या आसपासची झरे असलेली ठिकाणं. असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात रांगेने आहेत. पाणी तापतं ते लाव्ह्याने नाही. लाव्हा केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, जमिनीच्या पोटात जितकं खाली जावं तितकी ऊब जास्त, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. लोक सांगतात की देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्तामुळे पाणी गरम आहे. बँकवाल्यांनी तेही लिहून घेतलं.

अकलोलीला भाच्याने सूचना दिली. मोबाइल, पाकिटं, कपडे, चष्मे, सगळं गाडीत ठेवा. कुंडावर चोरीचा धोका, शिवाय डिजिटल डिटॉक्स. पुरुषांनी पंचा, बायकांनी जुना ड्रेस. आणि काकांनी अंडी. आम्ही उतरलो, गाडी पार्किंगकडे गेली, आम्ही कुंडाकडे.

कुंडाशेजारी रामेश्वराचं देऊळ आहे. बायको थबकली. माझ्या हातातल्या पिशवीकडे तिने पाहिलं, मग कळसाकडे, मग माझ्याकडे.

"अहो, महादेवाच्या दारात अंडी उकडणार आहात?"

भाच्याच्या पोस्टरमध्ये महादेव नव्हता. मी पिशवी एका झाडाच्या बुंध्याशी, पंच्याच्या बदलीची लुंगी वर टाकून झाकून ठेवली आणि पाण्यात उतरलो. पहिल्या पायरीला बोटं जळली, दुसऱ्या पायरीला पोटऱ्या, आणि पोट पाण्याला टेकलं तेव्हा मी जो आवाज काढला त्याला साडू म्हणाले, "बालीला लोक शांत बसतात." पण मग शरीर पाण्याशी तह करतं. गुडघे, ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नाही, ते आपणहून सैलावले.

शेजारच्या पायरीवर एक म्हातारं जोडपं होतं. तिचा उजवा हात मनगटातून वळलेला, बोटं मुडपून तळव्यात रुतलेली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. तो तांब्यात पाणी घ्यायचा, त्यावर फुंकर मारायचा, स्वतःच्या गालाला तांब्या लावून बघायचा आणि मग धार सोडत तिचं एकेक बोट उघडायचा. अंगठा उघडला की करंगळी मिटायची. तो पुन्हा करंगळीकडे यायचा. "जरा सैल सोड ना," तो वैतागून म्हणाला. "सैलच आहे," ती त्याच्याहून वैतागून म्हणाली. माझ्याकडे लक्ष गेल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर बोलला, आता फरक नाही पडायचा. पण हिला रात्री झोप लागते." साडूंनी बाली काढली नाही. बराच वेळ कोणीच काही काढलं नाही.

वर आलो तर गाडी नव्हती.

पार्किंगमध्ये नव्हती, रस्त्यावर नव्हती, देवळामागे नव्हती. टपरीवाल्याने सांगितलं, "सीएनजी भरायला गेली. आता येत नाही लवकर, रविवार आहे." तिच्यासोबत आमचे कपडे, पैसे, चष्मे आणि फोन गेले होते. फुलवालीचा फोन मागून घेतला, पण चालकाचा नंबर भाच्याच्या फोनमध्ये आणि तो फोन गाडीत. आम्हा सुशिक्षित माणसांना मिळून एकही नंबर पाठ नव्हता. भाच्याने शेवटी स्वतःचाच नंबर लावला. वाजला. पुन्हा लावला, वाजत राहिला. (चालकाने नंतर सांगितलं, "वाजत होता ना, पण दुसऱ्याचा फोन आपण कशाला उचलायचा?" त्याच्या सचोटीला तोड नाही.)

मग सुरू झालं येणं-जाणं. बाहेर वारा लागतो म्हणून पाण्यात. पाण्यात फार बसलं की गरगरतं म्हणून बाहेर. साडू ट्रेकिंग पोलला टेकून, पंचा सावरत, रस्त्याच्या वळणाकडे बघत उभे होते. मी झाडाखाली अंड्यांच्या राखणीला मांडी घालून बसलो. ओला पंचा, उघडं पोट, चष्मा नसल्यामुळे डोळे अर्धवट मिटलेले. भाविकांचा एक घोळका आला. त्यातल्या एका आजींनी माझ्यापुढे दोन केळी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी घाबरून बायकोकडे पाहिलं.

"आशीर्वाद द्या," ती हळूच म्हणाली, "आणि त्या गेल्या की केळी इकडे द्या. भूक लागलीय."

दोन केळी दहा जणांना पुरेनात, तेव्हा अर्थव्यवस्था अंड्यांवर आली. देवळापासून बेताच्या अंतरावर एक ऑम्लेट-पाव, चहाची गाडी होती. बोलणी गुजराती काकांनी केली. स्वतः अंडं खात नाहीत, पण भाव त्यांनाच कळतो. एका अंड्याला एक कटिंग असा दर ठरला. काकांनी ताटकळत ठेवून तो एका अंड्याला एक कटिंग आणि दोघांत एक ग्लुकोज बिस्किटाचा पुडा इथवर आणला. खाणाऱ्यांसाठी दहा अंड्यांची भुर्जी, मजुरीपोटी चार अंडी गाडीवाल्याला. कांदा, मिरची, टम्याटो त्याचा. पाव उधार, गाडी आल्यावर.

आम्ही पंचे लावून बाकावर बसलो आणि कागदाच्या ताटलीत भुर्जी खाल्ली. मेहुणीने दोनदा घेतली.

"बालीला नुसतं उकडून देतात," ती म्हणाली, "मीठसुद्धा मागावं लागतं."

इतक्या महिन्यांत माझ्या बाजूने पडलेलं हे पहिलं मत. मी तिला माझ्या वाटचा पाव दिला.

गाडी आली तेव्हा आमचे पंचे अंगावरच वाळले होते. चालक खिडकीतून हसत होता. "टाकी फुल," तो म्हणाला, जणू आम्ही सगळे इतका वेळ त्याच चिंतेत होतो. भाच्याने तोंडात शिट्टी घेतली आणि सगळ्यांना पटापट चढायला सांगितलं, कारण पोस्टरप्रमाणे आम्ही यावेळी अंधेरीत असायला हवे होतो. चालक मात्र उतरला, किल्ली खिशात टाकली आणि तव्याकडे बघितलं.

"किती उरलीत?"

"पाच," गुजराती काका म्हणाले. हिशेब त्यांच्याकडेच होता.

"पाचांची करा. तिखट जास्त," चालक बाकावर बसत म्हणाला. "गाडीचं झालं, माझं राहिलंय."