जर्मनीचा फाटा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यात कुणी कुणाला शिकवत नाही. पोर बोलायला लागलं की ते आपोआप तोंडी येतं. ट्रकच्या मागे, टी-शर्टवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला, सगळीकडे ते आहेच. म्हणणारा फुशारकी मारतोय की स्वतःचीच टिंगल करतोय, हे मात्र त्याच्या भुवया बघूनच ठरवावं लागतं. गावचं पोरगं स्पर्धा परीक्षेत निघालं की जर्मनी. गाडी गुडघाभर खड्ड्यात आपटली तरी जर्मनीच. एवढं लवचिक ब्रीदवाक्य दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला लाभलं असेल, असं मला वाटत नाही.

पण कुठली जर्मनी? जर्मन गडी म्हटला की आपल्यापुढे उभा राहतो तो चामड्याची अर्धी चड्डी घातलेला, टोपीत पीस खोवलेला, हातात लिटरभर बिअरचा मग धरलेला. हा गडी बव्हेरियाचा. हॅम्बुर्गचा माणूस समुद्राच्या वाऱ्यात मासळी खातो आणि असल्या चड्डीत त्याला कुणी पाहिलं तर लाजेल. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला तो १८१० मध्ये, बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नाच्या निमित्ताने. त्या वेळी जर्मनी नावाचा एकसंध देश अस्तित्वातही नव्हता. कहर पुढेच आहे. १९४९ साली पश्चिम जर्मनीची राज्यघटना मंजुरीसाठी आली, तेव्हा बव्हेरियाच्या विधिमंडळाने ती बहुमताने फेटाळली. वर हेही सांगून ठेवलं, की बाकीच्यांपैकी दोन तृतीयांश राज्यांनी मान्य केली तर आम्हालाही लागू धरा. म्हणजे रुसायचं, पण पाटावरून उठायचं नाही. सगळं जग ज्याला नमुनेदार जर्मन समजतं, त्याचं जर्मनीशी नातं हे असं.

स्पेनचंही तेच. फ्लॅमेंको नाच, बैलाची झुंज हे ठळक चित्र अंदालुसियाच्या मातीतलं. तिकडे कॅतालोनियाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये बैलांच्या झुंजीवर बंदीचा कायदाच केला. बाहेरच्या माणसाला काढायला सोपं चित्र हवं असतं. ज्या मुलखाकडे टोपी, नाच, झणझणीत रस्सा असं काही भडक असेल, तो मुलूख त्याला आयता सापडतो आणि बाकी देशाच्या डोक्यावर त्याची टोपी बसते. आपल्याकडे कोल्हापूर या कामाला फार उपयोगी पडतं. फेटा आहे, करकरणारी चप्पल आहे, तांबडा-पांढरा आहे. अर्धा महाराष्ट्र तांबडा रस्सा न पिताच रांगडा ठरतो तो असा.

परभणीकडे यातलं काही नाही. आमचा वेगळा फेटा नाही, चप्पल कुठलीही चालते. सकाळी सुशीला खातो, पण ते मुरमुऱ्यांचं असतं हेसुद्धा पुण्यात समजावून सांगावं लागतं. म्हणून आमचं चित्र हवामानाने काढलं. उन्हाळ्यात पारा मराठवाड्यात कुठे चढला, तर परभणी. डिसेंबरात कुठे घसरला, तर पुन्हा परभणी. त्यातला थंडीचा आकडा बहुतेकदा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं शिवार मोकळं आहे, रात्री तिथे जमीन लवकर निवते, आणि गावात साध्या शालीवर भागत असलं तरी पेपरात जिल्हा गारठलेला असतो. मग पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, ‘जगायलात ना?’ याच विद्यापीठाने पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी देशाला दिली. पण भेंडीसाठी कुणी फोन करत नाही.

जर्मनीशी आमचं खरं नातं मला वेगळ्याच ठिकाणी सापडलं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि आमचा परतूर तालुका तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी झाली. या दोन तारखांच्या मधोमध, ३ ऑक्टोबर १९९० ला, दोन जर्मनी एक झाल्या. म्हणजे तिकडे भिंत पाडून देश सांधत होते, इकडे आम्ही एकाच परभणीचे तुकडे पाडत होतो, आणि ब्रीदवाक्य मात्र दोन्ही काळांत जसंच्या तसं. मला वाईट वाटतं ते हिंगोलीकरांचं. ३० एप्रिलला रात्री ते जर्मनीत झोपले आणि महाराष्ट्र दिनाला उठले तर निव्वळ हिंगोलीत. नवा जिल्हा मिळाला, कलेक्टर मिळाला, कचेऱ्या जवळ आल्या. यमक मात्र गेलं. हिंगोलीला जुळेल असा देश शोधून बघा.

पुण्यात गेलं की हे सगळे भेद एका फटक्यात मिटतात. तिथे लातूर, बीड, नांदेड, परभणी सगळं ‘मराठवाडा’, आणि मराठवाडा म्हणजे दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराला होस्टेलवर विचारलं जातं, ‘तुमच्याकडे पाणी गाडीने येतं ना?’ आता हा प्रश्न सेलूच्या पोराने कसा झेलावा? त्याच्या तालुक्यात निम्न दुधनाचं धरण, शेजारच्या जिंतुरात पूर्णेवरचं येलदरी, पाथरीकडे जायकवाडीचा डावा कालवा, दक्षिणेला गोदावरी. दुष्काळ आम्हालाही चुकलेला नाही, पण तो आमचा आम्ही सोसला, लातूरचा नव्हे. पोरगं हे सगळं सांगायला तोंड उघडतं आणि ‘आमच्याकडं धरण बांधायले नव्हते का’ असं काहीतरी निघतं. बाकीचे त्या ‘बांधायले’वरच हसतात, धरण तसंच राहतं.

लातूरचं पोरगंही तेव्हा मदतीला येत नाही. ते हळूच सांगतं, ‘आम्ही नव्हे हो, ते बोलणं परभणीकडचं.’ परभणी शहरातला माणूस याच विषयावर जिंतूरकडे बोट दाखवतो. जिंतूरचा म्हणतो, अस्सल नमुने बघायचे तर देवगाव फाट्यावर थांबा.

तर देवगाव फाटा. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरला जाणारा रस्ता, त्याला इथे सेलूचा रस्ता फुटतो आणि पुढे पाथरी, सोनपेठ करत परळीकडे जातो. फाट्याला नाव देवगावचं, पण इथे उतरणाऱ्या बहुतेकांचं देवगावात काही काम नसतं. त्यांना पुढची गाडी हवी असते. त्यांच्या लेखी देवगाव म्हणजे भज्यांची कढई, पंक्चरचं दुकान, उसाची ट्रॉली, उभ्या-उभ्या भरणाऱ्या काळीपिवळ्या आणि धूळ. गावाला देऊळ आहे, शाळा आहे, भांडणं आहेत, वाड्यातली म्हातारी माणसं आहेत, याचा त्यांना पत्ता नसतो. बव्हेरियाने जर्मनीचं जे केलं तेच फाटा देवगावचं करतो, आणि गावाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

फाट्यावरच्या लोकांना आपण नमुने आहोत हे मान्य नाहीच. ते समोरच्या बसकडे बघतात. एके दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात जर्मनच्या पातेल्यात चहा उकळत होता. बाकावर एक धोतरातले मामा बसलेले, परतूरकडचे, जिंतूरला लेकीकडे निघालेले. ‘गाडी कधी यायची?’ असं त्यांनी विचारलं. हॉटेलवाला गाळणं झटकत म्हणाला, ‘यायलीय की, मंठ्याहून निघाली म्हणायलेत.’ त्यावर मामा बसच्या कारभारावर बरंच बोलले आणि शेवटी हसून म्हणाले, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’

हॉटेलवाल्याला ते लागलं. आपली थट्टा आपण करावी, जालन्याच्या माणसाने का?

‘मामा, तुम्ही तर जालना जिल्ह्यातले.’

‘एक्क्याऐंशीच्या आधी परभणीचाच होतो की मी.’

‘असाल,’ कप पुढे सरकवत तो म्हणाला, ‘फक्त चहाचे पैसे एक्क्याऐंशीचे देऊ नका.’