झाकण नसलेला मामा

आमच्या घराण्यात विनोदबुद्धी माझ्याकडे आहे, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. लग्नात माईक दिसला की नातेवाईक माझ्याकडे बघतात; तो द्यायला की लपवायला, या खोलात मी शिरत नाही. त्यामुळे लेण्याद्री चढताना भाची "मामा, पाय दुखले" म्हणत बसली, तेव्हा मी तत्काळ कोटी केली, "माणसानं आपली पायरी ओळखूनच थांबावं!"

तिनं खाली पाहिलं. "कुठली? सगळ्या सारख्याच आहेत."

डोलीतून चाललेल्या एक आजी हसल्या. कोटीला नव्हे.

मग मी पायऱ्या मोजायला लागलो. एक, दोन, तीन, सात. "मामा! चार कुठाय?" "माकडानं नेली." पोर खिदळत सुटली. पायऱ्या तीनशेच्या घरात. माकडं दर दहांत एक पळवत होती आणि ती दरवेळी तितकीच हसत होती. मोठ्यांना तोच विनोद दुसऱ्यांदा सांगितला की ते घड्याळ बघतात. पोरांना तो शंभरदा चालतो, फक्त मामा मठ्ठ ठरला पाहिजे. इतकी वर्षं जोपासलेल्या माझ्या शब्दकळेला इथे कुत्रं विचारत नव्हतं.

तरी यश डोक्यात गेलंच. मी घरातला पिढीजात विनोद काढला, "तुला माहितीये? तुला आजीनं बोहारणीकडून घेतलंय."

बोहारीण कोण, हे आधी सांगावं लागलं, आणि मी रंगलो. डोक्यावर भांड्यांची पाटी. उंबऱ्याशी बसून पहिल्यांदा पाणी मागायची. मग साडी उजेडात धरून नेमकी विरलेली जागा शोधायची, जरीवर नख घासून "खोटी हाय" म्हणायची. सौदा ठरला की डबा पुढे करायची आणि झाकण मागे ठेवायची. आई म्हणायची, झाकण दे. ती म्हणायची, साहेबांची प्यांट आण. वडिलांच्या धडधाकट पँटी अशाच झाकणांपायी गेल्या. त्या बाईनं मूल दिलं असतं, तर आईनं ते आधी बोटानं वाजवून पाहिलं असतं!

भाची हसली नाही. पुढे माकडांनी सलग पाच पायऱ्या नेल्या, तरी गप्प. वर, खांबांशिवाय उभ्या असलेल्या त्या ऐसपैस कोरीव मंडपात तिनं हळूच विचारलं, "खरंच घेतलं?"

हे मलाही ऐकवलं गेलं होतं. मी आरशात आईचे कान आणि माझे कान जुळवून पाहिले होते. पोराचं तोंड उतरलं की अख्खी बैठक हसायची, आणि याला आम्ही गंमत म्हणतो! १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 'सकाळ'मध्ये आला, तेव्हा कुठे रोज सकाळी मोठ्यांची फजिती बघायची सोय झाली. इथे तर समोर गिरिजात्मज; मुलगा व्हावा म्हणून पार्वतीनं याच डोंगरावर तप केलं, अशी कथा. पलीकडे शिवनेरी, जिजाऊंचं १६३० सालचं बाळंतघर. आणि अशा मुलखात आम्ही जुन्या साड्यांचा हिशेब सांगतो.

"थापा गं," मी म्हटलं. "तू झालीस तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. शिंकत होतो म्हणून तुझ्या आईनं आत घेतलं नाही."

तिनं माझे कान निरखले. "आजीसारखे नाहीयेत."

उतरताना, खालून धापा टाकत येणाऱ्या एका अनोळखी कुटुंबाला थांबवून ती सांगत होती, "हा आमचा मामा. दोन साड्यांवर आणलाय. झाकण मिळालंच नाही."